चीर मिटते, पण जुळत नाही

कटिंग मॅटच्या पाकिटावर ‘सेल्फ-हीलिंग’ असं ठळक छापलेलं असतं. हा दावा अर्धाच खरा आहे. बहुतेक मॅट पीव्हीसीच्या: मधला थर कडक, वरचा-खालचा मऊ. मऊ थरात कटरचं पातं शिरलं की माल बाजूला सरतो आणि पातं निघताच पुन्हा जवळ येतो. चीर दिसेनाशी होते. तुटलेल्या रेणूंच्या साखळ्या मात्र तुटलेल्याच राहतात. म्हणून एकाच रेषेवर पट्टी धरून रोज कापलं, तर तिथं चर पडतोच. पाकिटावर हे कोणी छापत नाही.

खरोखर जुळणारे पदार्थ आहेत, आणि त्यांतल्या एकाचा धागा पुण्यापर्यंत येतो. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले रघुनाथ माशेलकर आणि आशीष लेले यांनी शायनी वर्गीस यांच्यासोबत जेलवर काम केलं. वर्गीस पुढे कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला गेल्या, आणि २०१२ साली तिथल्या गटाबरोबर या दोघांच्याही नावानं एक शोधनिबंध आला. त्यातल्या जेलचे दोन तुकडे आम्लात एकमेकांना टेकवले की काही क्षणांत चिकटतात, अल्कलीत सुटतात. सगळी करामत मुख्य साखळीला लोंबणाऱ्या छोट्या शाखांची. शाखा आखूड असेल तर पलीकडच्या तुकड्यापर्यंत पोचत नाही. फार लांब झाली तर पाण्याला बिचकून आपल्यातच गोळा होते. मधली लांबीच हायड्रोजन बंध जुळवते. इतकं नेमकं मोजमाप रेणूंकडून करवून घेणं विलक्षण आहे.

मग हेच कटिंग मॅटसाठी का नको? कारण जुळायला साखळ्या हलत्या हव्यात, आणि पट्टी टेकवायला पृष्ठभाग स्थिर हवा. पाण्यानं भरलेल्या जेलवर सरळ रेघ येणार नाही. यावर कोणी २००१ सालच्या अमेरिकी प्रयोगाकडे बोट दाखवेल: कडक इपॉक्सीत दुरुस्तीचं द्रव्य भरलेल्या सूक्ष्म कुप्या, भेग गेली की फुटणाऱ्या. पण त्याच रेषेवर दुसरा घाव बसला तर रिकाम्या कुप्या काय देणार? टोकियोच्या ताकुझो आइदा यांच्या गटानं २०१८ साली दाखवलेला काचेसारखा पॉलिमर अधिक बळकट उत्तर आहे. तो खोलीच्या तापमानाला, नुसत्या दाबानं जुळतो. तरी पूर्ण ताकद परतायला काही तास लागतात, आणि टेबलावरचं पातं तेवढं थांबत नाही.

म्हणून हिंगोली–वाशिम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यासारख्या ठिकाणी रेडियमचे स्टिकर कापणाऱ्याला आज तरी फसवी पीव्हीसीच जास्त उपयोगाची. तिच्या सहसा दोन्ही बाजू चालतात. एकीवर चर पडला की उलटायची. मराठवाड्याच्या उन्हात मात्र ती ठेवायची नाही. तापली की पीव्हीसी वाकते, आणि वाकलेली मॅट पुन्हा सपाट करणं महाकठीण.