दूरच्या राउटरचे मीटर-वाचन

वीजमीटर वाचायला आलेला माणूस ‘या महिन्यात किती वीज वापरलीत?’ असे विचारत नाही. तो मीटरवरचा आकडा टिपतो. त्यातून मागचा आकडा वजा केला की वापर कळतो. संगणकांच्या जाळ्यातील राउटर, स्विच यांच्यावर दुरून देखरेख ठेवण्याची रीत अशीच आहे.

राउटरच्या प्रत्येक पोर्टवर किती बाइट आले, किती गेले, याचे गणक असतात. वेग काढण्याच्या भानगडीत राउटर पडत नाही, तो नुसता मोजतो. देखरेखीचा संगणक, समजा दर पाच मिनिटांनी, आकडा मागवतो आणि वजाबाकी करतो. या प्रश्नोत्तरांचे नियम म्हणजे ‘सिम्पल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’ (एसएनएमपी). ते १९८८ साली प्रसिद्ध झाले.

गंमत आहे ती गणकात. मूळ गणक ३२ बिटांचा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजून झाले की स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा पुन्हा शून्यावर येणारा. सेकंदाला १० कोटी बिट नेणारी तार पूर्ण भरून वाहत असेल, तर असे व्हायला सुमारे ३४४ सेकंद लागतात. पाच मिनिटांत तो फार तर एकदा उलटेल. वजाबाकी ऋण आली की २ चा ३२ वा घात मिळवायचा, झाले. पण तार दसपट वेगाची असेल तर? गणक ३४ सेकंदांतच उलटतो. पाच मिनिटांत तो किती वेळा फिरला हे कळायला मार्गच नाही, आणि आलेख मात्र बिनदिक्कत काढला जातो! म्हणून पुढे ६४ बिटांचे गणक आले. ते याच वेगाने उलटायला किती वर्षे लागतील, हे गणित वर्गात जरूर घालावे. उत्तर साडेचार हजारांच्या वर येते.

काही बिघडल्यास राउटर आपण होऊनही इशारा पाठवू शकतो. पण साध्या इशाऱ्याची पोच मिळत नाही. तो वाटेत हरवला तरी राउटरला पत्ता नसतो. शिवाय वीज गेलेला राउटर सांगणार तरी कसा? म्हणून विचारत राहावेच लागते. उत्तर न येणे हीसुद्धा बातमीच.

मात्र विचारणारा आपलाच आहे कशावरून? सुरुवातीच्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच तारेतून जाई आणि अनेक उपकरणांत तो कारखान्यातूनच ‘पब्लिक’ असा घातलेला असे. याच नियमांनी पोर्ट बंदही करता येते, हे ध्यानात घेतले म्हणजे धोका कळतो. ओळख पटवण्याची आणि मजकूर सांकेतिक करण्याची सोय असलेली तिसरी आवृत्ती २००२ साली पूर्ण मानक ठरली.