चुलीतील बचत, शेतातील खत

घरोघरी मातीच्या चुली, ही म्हण संसारातील अडचणींविषयी सांगितली जाते. शेतीच्या दृष्टीने मात्र तिचा सरळ अर्थच विचारात घेण्याजोगा आहे. १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर गॅसची शेगडी असंख्य ग्रामीण घरांत पोहोचली. तरीही सिलिंडर पुरवून वापरावा लागत असल्याने भाकरी, आंघोळीचे पाणी आणि जनावरांचे आंबोण यांसाठी अनेक घरांत चूल पेटतेच. तिला लागणारे जळण झाडांपासून, पिकांच्या काडांपासून आणि गोठ्यातील शेणापासून येते. म्हणून चुलीतील उधळपट्टी ही केवळ स्वयंपाकघराची बाब नसून ती जमिनीच्या कसाची बाब आहे.

दोन बैलांच्या शेणाचा हिशेब

एका मोठ्या जनावरापासून दररोज सुमारे १० किलो ताजे शेण मिळते. बैलजोडीच्या शेणापैकी निम्मे जरी गोवऱ्यांसाठी गेले, तरी वर्षाकाठी सुमारे ३,६५० किलो शेण चुलीत जाते. ताज्या शेणाच्या १०० किलोमागे ३०० ते ४०० ग्रॅम नत्र असते. म्हणजे या शेणाबरोबर सुमारे ११ ते १५ किलो नत्र जळते. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत जेवढे नत्र असते, त्याच्या निम्म्याहून ते अधिक भरते. शिवाय जमीन भुसभुशीत ठेवणारा व ओल धरून ठेवणारा सेंद्रिय अंशही नाहीसा होतो, आणि तो कोणत्याही गोणीतून विकत आणता येत नाही.

गोवरी जळाल्यावर पालाश व स्फुरद राखेत उरतात. नत्र मात्र जवळजवळ सर्व हवेत निघून जाते. त्यामुळे राख वाया न घालवता शेतात पसरावी. ती ओल्या शेणाच्या खड्ड्यात मात्र मिसळू नये. राखेच्या क्षारामुळे शेणातील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते.

उष्णता जाते कोठे?

साध्या उघड्या चुलीत जळणाच्या एकूण उष्णतेपैकी सुमारे दहावा हिस्साच भांड्यातील अन्नाला मिळतो. उरलेली उष्णता भिंती, हवा व धूर यांबरोबर निघून जाते. हा दहावा हिस्सा वाढविण्यास मोठा खर्च लागतो असे नाही. पुढील साध्या गोष्टींनी बराच फरक पडतो.

१. जळण वाळलेले असावे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचेच असते. ते पाणी उडून जाईपर्यंत चूल धुमसत राहते, आणि गृहिणीला फुंकणी हातातून खाली ठेवता येत नाही. लाकूड फोडून, छपराखाली परंतु वारा लागेल अशा जागी रचून ठेवावे. पावसाळ्याचे जळण उन्हाळ्यातच वाळवून घ्यावे.

२. भांड्यावर झाकण असावे. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापविण्यास ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु तेच पाणी वाफ करून उडविण्यास ५४० किलोकॅलरी लागतात. यावरून उघड्या भांड्यातून निघणारी वाफ किती महाग पडते हे ध्यानात येईल. शिवाय पाण्याला एकदा उकळी आली की जाळ कितीही वाढविला तरी पाणी अधिक तापत नाही. म्हणून उकळी येताच जाळ मागे ओढावा.

३. कडधान्ये व डाळी आधी भिजत घालाव्यात. मटकी, चवळी, हरभरा रात्री भिजवावेत. तूरडाळ तासभर भिजली तरी लवकर शिजते.

४. शिजविण्याची टोपली वापरावी. एका मोठ्या टोपलीत गोणपाट अंथरून चारही बाजूंनी व तळाशी चार बोटे जाडीचा भाताचे तूस किंवा कोरड्या भुशाचा थर दाबून बसवावा. भाताला उकळी येऊन काही मिनिटे झाल्यावर भांडे झाकणासह टोपलीत ठेवावे आणि वरून जुनी गोधडी घट्ट घालावी. साठलेल्या उष्णतेनेच भात शिजून येतो. अन्न गरम असतानाच खावे. कोमट झाले असल्यास पुन्हा उकळी आणावी.

५. चूल नीट ठेवावी. भांडे व चुलीचा काठ यांमध्ये बोटभर फट असावी. अधिक रुंद फटीतून जाळ बाहेर पळतो. राख रोज काढावी व लाकडे लोखंडी जाळीवर ठेवावीत, म्हणजे खालून हवा मिळते. वैल असल्यास तो मोकळा न ठेवता त्यावर पाण्याचे भांडे चढवावे. सायंकाळी लागणारे पाणी दुपारी उन्हात ठेवल्यास त्यासाठी जळण कमी लागते.

धुराचे मोल

धूर म्हणजे अर्धवट जळालेले जळण होय. त्याचा पहिला घाव गृहिणीच्या डोळ्यांवर व छातीवर आणि तिच्याजवळ बसलेल्या लहान मुलांवर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. बिनधुराच्या चुलीचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९४७ साली वर्धा येथील मगनवाडीतून 'मगन चूल' लोकांपुढे आली. १९८३-८४ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन देशभर लक्षावधी चुली बसविल्या गेल्या. त्यांपैकी पुष्कळ पुढे मोडून पडल्या, कारण त्या घरच्या भांड्यांच्या मापाच्या नव्हत्या आणि दुरुस्तीची सोय नव्हती. यातून घ्यावयाचा बोध असा की, चूल बांधण्यापूर्वी ती वापरणाऱ्या स्त्रीला विचारावे, तिचाच तवा व पातेले ठेवून माप घ्यावे, आणि धुराड्यातील काजळी दर महिन्याला काढण्यास शिकवावे.

पऱ्हाट्यांविषयी सावधगिरी

कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाट्या व तुराट्या हे मुख्य जळण होय. परंतु पऱ्हाट्यांना चिकटून राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते व पुढील हंगामात नव्या कपाशीवर येते. म्हणून बांधावर किंवा अंगणात पऱ्हाट्यांचे ढीग वर्षभर ठेवू नयेत. त्या आधी जाळण्यास घेऊन पावसाळ्यापूर्वी संपवाव्यात, आणि पावसाळ्यासाठी तुराट्या व लाकूड राखून ठेवावे.

शेणापासून जळण आणि खत दोन्ही

ज्यांच्याकडे दोन-तीन जनावरे व पुरेसे पाणी आहे, त्यांच्यासाठी गोबरगॅस संयंत्र हा उत्तम मार्ग होय. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास 'ग्रामलक्ष्मी' हे संयंत्र तयार केले. १९६० नंतरच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तशा संयंत्रांचा प्रसार केला. १९८४ साली कमी खर्चाचा 'दीनबंधू' नमुना पुढे आला. एक घनमीटर गॅससाठी दररोज सुमारे २५ किलो शेण व तेवढेच पाणी लागते, आणि त्यावर चार माणसांचा स्वयंपाक होतो. थंडीत गॅस कमी मिळतो, हे आधीच जाणून असावे. बाहेर पडणाऱ्या मळीत शेणातील नत्र कायम राहते. ही मळी उन्हात वाळू न देता काडीकचऱ्याच्या थरांवर टाकून तिचे खत करावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावातील एका तयार कुटुंबाने एका आठवड्याचे जळण रोज तोलून वहीत लिहावे. दुसऱ्या आठवड्यात झाकण, वाळलेले जळण व भिजविलेली डाळ एवढेच बदल करून पुन्हा तोलावे. दोन्ही आठवड्यांत जेवणारी माणसे व पदार्थ साधारण सारखेच असावेत. वहीतील आकडे शेजारच्या स्त्रियांना त्या घरच्या गृहिणीनेच दाखवावेत. भाषणापेक्षा तिचा अनुभव त्यांना लवकर पटेल. वाचलेल्या जळणाएवढ्या गोवऱ्या त्या महिन्यात थापू नयेत आणि ते शेण खताच्या खड्ड्यात टाकावे. असे झाले तरच चुलीत वाचलेले शेण शेताला लाभेल.