कुत्र्यांची नसबंदी ऑपरेशनशिवाय? हार्मोन रोखणारी डीएनए लस अशी काम करते

रात्री धरमपेठेतून गाडीवर घरी जाताना चार-पाच कुत्री मागे लागली, की पहिला प्रश्न पडतो: यांची नसबंदी का होत नाही? होते. कानाला खाच असलेला कुत्रा दिसला तर समजा, त्याचं ऑपरेशन झालंय. २०२३ च्या एबीसी नियमांनुसार कुत्रा पकडायचा, ऑपरेशन करायचं, रेबीजची लस द्यायची, काही दिवस सांभाळायचा आणि जिथून आणला तिथेच सोडायचा. डॉक्टर, पिंजरे, वेळ, सगळंच लागतं. म्हणून शास्त्रज्ञ ऑपरेशनऐवजी इंजेक्शन शोधतायत.

मेंदूतून जीएनआरएच नावाचं हार्मोन निघतं. अगदी छोटं, फक्त १० अमिनो आम्लांचं. त्याच्या इशाऱ्यावर पुढची हार्मोन्स सुटतात आणि अंडाशय-वृषण कामाला लागतात. हा मेन स्विच बंद केला की नर-मादी दोघांचंही प्रजनन थांबतं. माजच येत नाही, त्यामुळे त्यावरून होणारी भांडणंही कमी होतात.

अडचण एकच: शरीर स्वतःच्या हार्मोनवर हल्ला करत नाही. म्हणून ते एखाद्या परक्या प्रोटीनला जोडून देतात. मग प्रतिकारशक्ती फसते आणि दोघांविरुद्ध अँटीबॉडी बनवते. अमेरिकेतली हरणं आणि जंगली घोड्यांसाठीची ‘गोनाकॉन’ लस अशीच आहे, पण ती डीएनए लस नाही. डीएनए लसीत तयार प्रोटीन नसतं, त्याची रेसिपी असते. प्लाझमिड नावाची डीएनएची छोटी रिंग टोचतात आणि प्राण्याच्याच पेशी ते जोड-प्रोटीन बनवतात. डीएनए बनवायला सोपा, थंडीचे नखरेही कमी.

मग बाजारात का नाही? उंदरात छान चालणारी डीएनए लस मोठ्या प्राण्यात बऱ्याचदा ढिली पडते. शिवाय अँटीबॉडी हळूहळू कमी होतात, म्हणजे पुन्हा डोस. धरमपेठेतला तोच कुत्रा वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पकडून दाखवा भाऊ!

लसीने गर्भधारणा रोखायचा विचार आपल्याकडे बिबट्यांसाठीही झालाय. जुन्नरच्या बिबट्यांबाबत वनविभागाने तसा प्रस्ताव केंद्राकडे मांडला होता.

आता व्हॉट्सअ‍ॅपवाली भीती. २०२१ मध्ये भारतात मंजूर झालेली झायकोव्ह-डी ही माणसांसाठीची जगातली पहिली डीएनए लस. तिच्यात कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनची रेसिपी होती, हार्मोनची नाही. लस कशावर काम करेल हे त्या रेसिपीवर ठरतं. त्यामुळे ‘डीएनए लस म्हणजे वंध्यत्व’ असा फॉरवर्ड आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: रेसिपी कशाची होती?