मासळीत क्रीम घातलं म्हणून कोड येत नाही

रावसाच्या तुकड्या लोण्यात परतायच्या, त्याच लोण्यात लसूण आणि ब्याडगी मिरचीचं वाटण घालायचं आणि शेवटी क्रीम. एवढी साधी कृती सांगायला घेतली की क्रीमपाशी हमखास अडवणूक होते. "अहो, मासे आणि दूध एकत्र? कोड येतं ना त्यानं!" हे म्हणणारी माणसं शिकलेली असतात. त्यांत इंजिनिअर असतात, शिक्षिका असतात, औषधाच्या दुकानात बसणारेही असतात. मिरची जास्त झाली, मीठ कमी पडलं असं कुणी म्हणत नाही. अडतं ते कोडापाशीच. म्हणून आधी त्याबद्दल, मग स्वयंपाकाबद्दल.

त्वचेला रंग देणारं मेलॅनिन ज्या पेशी तयार करतात, त्या पेशींवर शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारयंत्रणा हल्ला करते, तेव्हा कोड येतं. पेशी नष्ट झाल्या तिथं त्वचा पांढरी दिसते. थायरॉइडचे काही आजार याच प्रकारात मोडतात आणि कोड असलेल्या माणसांत ते इतरांपेक्षा जास्त आढळतात. जनुकांचा यात वाटा आहे. जेवणात कशाबरोबर काय खाल्लं, याचा नाही. माशातलं प्रथिन असो की दुधातलं, पोटात आणि आतड्यात दोन्हींचे तुकडे होऊन शेवटी त्याच त्या अमिनो आम्लांत रूपांतर होतं. रक्तात पोचेपर्यंत कुठलं माशाचं आणि कुठलं दुधाचं, हा फरक शिल्लकच राहत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पण माशाबरोबर दूध पोटात नासतं!" दूध पोटात नासतंच. मासा असो वा नसो, तान्ह्या बाळाच्या पोटातही नासतं. जठरातलं आम्ल आणि विकरं दुधाचं दही-पनीरासारखं करतात, तेव्हाच ते नीट पचतं. त्यात विष कुठून आलं?

जगाकडे पाहिलं तर हा समज एक दिवसही टिकू नये. फिनलंडमध्ये सामन माशाचं दूध-क्रीम घातलेलं सूप हे घरोघरचं जेवण आहे. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कलन गावाच्या नावानं ओळखलं जाणारं सूप धुरावलेला हॅडॉक मासा दुधात शिजवून करतात. गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या पोर्तुगालात खारवलेला कॉड क्रीममध्ये भाजण्याची रीत आहे. डेन्मार्कात उकडलेल्या कॉडवर मोहरीचा पांढरा सॉस घालतात. आणि त्याच डेन्मार्कातल्या बोर्नहोम बेटावर कोडाची एक मोठी पाहणी झालेली आहे. 1977 साली ती प्रसिद्ध झाली. सुमारे 47 हजार लोकांची तपासणी केली, तेव्हा कोडाचं प्रमाण 0.38 टक्के निघालं. जगभरात हे प्रमाण साधारण अर्धा ते दोन टक्के मानलं जातं. मासे आणि दूध एकत्र खाण्यानं कोड येत असतं, तर त्या बेटावर प्रमाण किती तरी जास्त दिसायला हवं होतं. उलट आपल्याकडे ज्यांच्या सात पिढ्यांत माशाला कुणी हात लावला नाही, अशा घरांतही कोड आहे. त्यांच्या पोटात कुठला मासा गेला होता?

आणि आपणच काय करतो ते बघा. हॉटेलातलं तंदुरी पापलेट दह्यात मुरवलेलं असतं, ते चालतं. सुरमईच्या थाळीनंतर आइसक्रीम चालतं. घरी कढईत क्रीम पडलं की मात्र कोड आठवतं.

आता आयुर्वेदाचा दाखला, कारण तो दिला जातोच. मासे आणि दूध हा विरुद्ध आहार आहे, असं चरकसंहितेत म्हटलेलं आहे. सूत्रस्थानाचा 26वा अध्याय. विरुद्ध आहारानं होणाऱ्या विकारांच्या यादीत तिथं पांढऱ्या डागांचाही समावेश आहे. पण ती यादी मोठी आहे, तिच्यात आंधळेपण, उन्माद, ताप आणि पडसंसुद्धा आहे. शिवाय त्याच अध्यायात यावर वाद झालेला आहे. चिलिचिम नावाचा एक मासा सोडला तर बाकी सगळे मासे दुधाबरोबर खावेत, असं भद्रकाप्य म्हणतात आणि आत्रेय ते खोडून काढतात. पुढं असंही सांगितलंय की सवय असेल, प्रमाण थोडं असेल, माणूस तरुण, व्यायाम करणारा आणि चांगल्या पचनशक्तीचा असेल, तर विरुद्ध आहार बाधत नाही. ग्रंथाचा दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यावा. अर्धा दाखला देऊन लोकांना घाबरवणं हा ग्रंथावरही अन्याय आहे.

"पण मला खरंच त्रास झाला होता," असं सांगणारेही भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. बांगडा, तारली, कुपा यांसारखे मासे बर्फाविना पडून राहिले की जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. असा मासा खाल्ला की काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. शिजवून किंवा तळून हिस्टामिन जात नाही. काही जणांना माशाची किंवा दुधाची ॲलर्जीही असते. पण गांधी काही तासांत उतरतात, त्यांचं कोड होत नाही. दोष बर्फ न मिळालेल्या माशाचा असतो आणि नाव मात्र दुधाचं खराब होतं.

वस्तूंमुळे पांढरे डाग पडू शकतात, हे खरं आहे, पण त्या वस्तू ताटात नसतात. टिकली चिकटवण्याच्या गोंदातल्या एका रसायनानं कपाळावर नेमका टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडल्याचं त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलेलं आहे. रबरी चपलांच्या पट्ट्यांखाली तसेच डाग पडतात. याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही.

या समजाचा मला इतका राग का येतो, तेही सांगते. मुलीच्या हातावर पांढरा ठिपका दिसला की घरात पहिला प्रश्न तिच्या आईला विचारला जातो: "गरोदरपणी मासे खाऊन दूध प्यायली होतीस का?" जे तिनं केलेलं नाही, ज्याचा काही संबंध नाही, त्याचा दोष आयुष्यभर तिच्या माथी. मग त्या मुलीचे मासे बंद, दूध बंद, लिंबूसुद्धा बंद, आणि डॉक्टरांकडे जाण्यात वर्ष निघून जातं. सुरुवातीचं ते वर्ष उपचारांसाठी मोलाचं असतं. अतिनील किरणांचे उपचार आहेत, मलमं आहेत. रुक्सोलिटिनिब या मलमाला अमेरिकेत 2022 साली कोडासाठी मान्यता मिळाली. कोड संसर्गजन्य नाही आणि त्याचा महारोगाशी काहीही संबंध नाही. ज्यांना याचा सामाजिक जाच समजून घ्यायचा असेल, त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट जरूर बघावा.

आता कढईकडे. क्रीम फाटतं ते माशामुळे नाही, आंबटामुळे आणि आचेमुळे. चिंच, कोकम किंवा टोमॅटो घालून खळखळ उकळलं तर दुधातली प्रथिनं गोळा होतात. स्निग्धांश जितका जास्त, तितका हा धोका कमी. म्हणून साधं दूध लगेच फाटतं आणि 25 टक्के स्निग्धांशाचं पाकिटातलं फ्रेश क्रीम बऱ्यापैकी तग धरतं. आच मंद ठेवा आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. एवढं करूनही फाटलंच, तर रस्सा दिसायला वाईट होतो, खायला नाही.

रंग लाल म्हणजे तिखट, हेही खरं नाही. ब्याडगीचा रंग मोठा आणि तिखटपणा बेताचा. मिरचीचा जाळ स्निग्धात विरघळतो आणि क्रीम तो आणखी दाबतं, म्हणून वाटण आधी लोण्यात चांगलं परतून घ्यावं. क्रीममध्ये कच्चं घातलं तर चवही कच्चीच राहते.

पावसाळ्यात मासे विषारी होतात, हा आणखी एक समज. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, ती माशांच्या विणीसाठी. लिंबात मुरवला की मासा शिजतो, हेही चूक. तो पांढरा आणि घट्ट दिसतो, पण त्यातले जंत लिंबानं मरत नाहीत.

मासा भरपूर शिजवायला हवा, या समजापायी तर चांगलं पापलेट रोज वाया जातं. माशाच्या आत 63 अंश सेल्सिअस तापमान पोचलं की काम झालं. तुकड्या कोरड्या पुसून, मीठ-हळद लावून लोण्यात दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं परता आणि काढून ठेवा. रस्सा तयार झाला की त्यात परत सोडून तीन-चार मिनिटं झाकण ठेवा. सुरीच्या टोकानं सर्वांत जाड जागी हलकेच दाबून बघा: काचेसारखं पारदर्शक मांस दुधी पांढरं झालं असेल आणि पाकळ्या आपणहून सुटत असतील, तर लगेच गॅस बंद करा. आणखी पाच मिनिटं ठेवलं तर पाकळ्यांतलं पाणी रश्श्यात उतरतं, रस्सा पातळ होतो आणि मासा चोथा.

ज्यांना दूध खरोखरच पचत नाही किंवा दुधाची ॲलर्जी आहे, त्यांनी लोण्याऐवजी तेल आणि क्रीमऐवजी नारळाचं पहिलं, घट्ट दूध घ्यावं. तेही उकळू देऊ नये, कडेला बुडबुडे दिसू लागले की उतरवावं.