दुधाचे दात आणि मुलांची वाढ

काही वर्षांपूर्वी सरकारी नोकरीनिमित्त माझे वास्तव्य कोलकात्यास होते. एके संध्याकाळी एस्प्लनेडच्या ट्रामथांब्यावर माझ्या सात वर्षांच्या मुलासाठी मी झालमुडी घेतली. पाहतो तो चिरंजीव प्रत्येक घास केवळ डाव्या बाजूने चावीत होते आणि खोबऱ्याचे तुकडे वेचून बाजूस काढीत होते. वर्षभरात त्याचे वजन जेमतेम वाढले होते. आम्ही टॉनिकच्या बाटल्या आणल्या, 'नीट जेवत नाही' म्हणून त्याला रागेही भरलो. पण त्याचे तोंड उघडून पाहण्याचे कोणास सुचले नव्हते. दंतवैद्यांनी तपासले, तेव्हा उजवीकडच्या दोन दुधाच्या दाढा मुळापर्यंत किडलेल्या निघाल्या.

दाताची कीड म्हणजे किडा नव्हे. दातांवरील चिकट थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दाताच्या कवचातील खनिजे विरघळतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळते आणि झीज काही अंशी भरून काढते. मात्र तिला अवसर मिळावयास हवा. म्हणून गोड किती खाल्ले याइतकेच ते दिवसातून किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे ठरते.

आता याचा वाढीशी संबंध कोणता? दुखऱ्या दाढेने मूल कमी खाते, भाकरी किंवा फळ टाळून मऊ पदार्थ मागते. ठणक्याने झोप मोडते; आणि वाढीस लागणारा संप्रेरक तर गाढ झोपेत अधिक स्रवतो. फिलिपीन्समधील कमी वजनाच्या शाळकरी मुलांचे सडलेले दुधाचे दात काढल्यावर त्यांचे वजन सुधारल्याचे आढळले. उंचीविषयीचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. शिवाय दारिद्र्य हे अपुरे अन्न आणि किडके दात या दोहोंचेही कारण असू शकते. उलट सुखवस्तू घरातील स्थूल मुलाचे दातही किडतात. तेव्हा प्रत्येक खुरटलेपणाचा दोष दातांवर टाकणे योग्य नव्हे; पण दात न पाहणेही योग्य नव्हे.

याच कोलकात्यात १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी भारतातील पहिले दंतमहाविद्यालय स्थापन केले. त्याचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे दुकान चालविले होते. गोड पेयांच्या पैशांतून दंतवैद्य घडावेत, हा योग मोठा गमतीचा खरा!

पालकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. अनेकजण तिलाही दुधाचीच समजून दुर्लक्ष करतात. आणि ती गेली की पुन्हा येत नाही. रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने लहान मुलांचे दात मोठ्यांनी स्वतः घासून द्यावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या दातांच्या तपासणीचाही समावेश आहे. तिचा लाभ घ्यावा.

माझ्या मुलाच्या त्या दोन दाढा काढाव्या लागल्या. पंधरा दिवसांनी त्याने आपण होऊन दुसरी पोळी मागितली. टॉनिकची अर्धी बाटली तशीच राहिली. मूल जेवत नसेल, तर रागावण्यापूर्वी त्याला एवढेच म्हणावे, "बाळ, आ कर पाहू!"