कुरळे केस, गुंता आणि जट

मुळशी तालुक्यातील भरे गावातून एका आईचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. मुलगी अकरा वर्षांची, केस जन्मापासून दाट आणि कुरळे. पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला आणि ती तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती. त्या दिवसांत केसांना फणी लागली नाही. ताप उतरल्यावर पाहतात तो मानेपाशी लिंबाएवढा घट्ट गुंता. सासूबाई म्हणाल्या, ही जट आहे, देवीची आहे, हात लावायचा नाही. शेजारणीने त्यावर भंडारा लावला. आता वर्गातल्या मुली चिडवतात म्हणून मुलगी शाळेला जायला तयार नाही. पत्राच्या शेवटी आईने एकच विचारले आहे, ‘जट काढली तर पोरीला काही होईल का?’

ताई, काहीही होणार नाही. कारणे सावकाश सांगते, पण उत्तर आधी दिलेले बरे, कारण तुमच्या पत्राच्या अक्षरावरून तुम्हाला रात्रीची झोप नसावी असे वाटते.

आधी कुरळे केस म्हणजे काय ते पाहू. आपल्या त्वचेत केसाचे मूळ एका बारीक नळीत असते. सरळ केसाची नळी सरळ असते, कुरळ्या केसाची वाकडी. केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सरळ केस बराचसा गोल दिसतो, कुरळा चपटा, लंबगोल. हा आकार आईबापांकडून येतो. तो रोग नाही, केसांची निगा न घेतल्याचा परिणामही नाही आणि तेल चोपडून तो जातही नाही. डोक्याच्या त्वचेतून जे नैसर्गिक तेल पाझरते ते सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसाच्या वळणावळणात ते वाटेतच अडकते. म्हणून अशा केसांची मुळे तेलकट आणि टोके कोरडी राहतात. केसावरचे पापुद्रे कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. कोरड्या केसात ती कौले उचकटतात आणि एक केस दुसऱ्यात अडकतो.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. प्रत्येकाचे रोज ५० ते १०० केस गळतात. सरळ केसांतून ते खाली पडतात, उशीवर दिसतात, फणीत येतात. कुरळ्या केसांतून गळालेला केस खाली पडतच नाही, वळणात लटकून राहतो. चार दिवसांनी विंचरले की मूठभर केस हातात येतात आणि आई घाबरते. ते केस त्या दिवशी गळालेले नसतात, चार दिवसांचा हिशेब एकदम मिळतो इतकेच. मात्र चार दिवसांऐवजी तीन आठवडे विंचरलेच नाही, त्यात तापाचा घाम आणि उशीचे घर्षण, तर हे सुटे केस बाकीच्या केसांभोवती दोरीसारखे गुंडाळले जातात. जट होते ती अशी. पुढे भंडारा, धूळ आणि तेल बसून ती घोंगडीसारखी घट्ट होते. हात लावायचा नाही म्हटल्यावर धुणे नाही, विंचरणे नाही. नवे गळालेले केस तिच्यातच अडकत जातात आणि ती ‘वाढते’. लोक म्हणतात, देवीची म्हणून वाढते आहे.

त्वचेबाहेरच्या केसात रक्त नसते, मज्जातंतू नसतात. म्हणून तर केस कापताना दुखत नाही. जिवंत असते ते फक्त त्वचेखालचे मूळ, आणि जट त्या मुळापर्यंत पोचलेलीच नसते. ती कापल्यावर त्याच जागी पूर्वीसारखेच कुरळे केस येतात, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने.

ही भीती आपल्याच मुलखात आहे असे समजू नका. पोलंड देशात शतकानुशतके अशा गुंत्याला लोक भीत असत. शरीरातला रोग त्या वाटेने बाहेर पडतो, तो कापला तर माणूस आंधळा होतो किंवा त्याला वेड लागते, असा तिथला समज होता. एकोणिसाव्या शतकात क्रॅको शहरातले डॉ. युझेफ डीट्ल या समजुतीविरुद्ध उभे राहिले. पुढे ते त्या शहराचे महापौरही झाले. देवी निराळी, देश निराळा, गुंता मात्र तोच.

आपल्याकडे या गुंत्याने अधिक नुकसान केले. जट आली म्हणजे यल्लम्माचे बोलावणे आले असे मानून मुलींना देवीला सोडले जाई. राजीव पाटील यांचा २००९ सालचा ‘जोगवा’ चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना नायिकेच्या केसांतली जट आणि त्यापुढची तिची फरफट आठवत असेल. देवदासी प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने २००५ साली कायदा केला, पण जटेची भीती कायद्याने जात नाही. डोक्यावर किलोभर ओझे वागवणाऱ्या, मान दुखते म्हणून कुशीवर झोपू न शकणाऱ्या, उवांनी आणि जखमांनी हैराण झालेल्या बाया आजही आहेत. पुण्यात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी अशा दोनशेहून अधिक बायांच्या जटा काढल्या आहेत. त्या आधी ब्यूटी पार्लर चालवीत. हे मला फार अर्थपूर्ण वाटते. केस हाताळायची ज्यांना सवय आहे त्यांना जटेत केसच दिसतात. कात्रीचे काम थोड्या वेळाचे असते, त्याआधी घरच्यांशी बोलण्यातच फार वेळ जातो. सासूबाईंशी भांडू नका. नातीला काही होऊ नये म्हणूनच त्या बोलत आहेत. समितीचा एखादा कार्यकर्ता घरी येऊन बोलला तर त्यांनाही धीर येईल.

तुमच्या मुलीचा गुंता लिंबाएवढाच आहे, तेव्हा तो कदाचित न कापताही सुटेल. आधी केस कोमट पाण्याने धुऊन भंडारा काढून टाका. मग गुंत्यात कोमट खोबरेल मुरवा, दोन तास ठेवा, त्यावर भरपूर कंडिशनर लावा. दुकानात त्याच्या लहान पुड्या मिळतात, तीनचार लागतील. एका हाताने गुंत्याच्या वर, मुळांपाशी केस घट्ट धरा, म्हणजे ओढ त्वचेला बसणार नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांनी खालच्या टोकाकडून एक एक बट सोडवा. विणकामाची बोथट सुई उपयोगी पडते. एका बैठकीत होणार नाही, दोनतीन दिवस घ्या. मुलगी कंटाळली की थांबा. रॉकेल मुळीच लावू नका. उवांसाठी काही घरांत ते अजून लावतात, त्याने त्वचा भाजते आणि चूल जवळ असेल तर जिवावर बेतते. गुंता सुटलाच नाही तर कात्रीने तो आधी उभा चिरा, म्हणजे दोन भाग होऊन बरेच केस वाचतात. कात्री आणि त्वचा यांच्यामध्ये फणी ठेवा. खाली पू, जखम किंवा दुर्गंधी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि एक गोष्ट आजच घरात सर्वांना सांगून ठेवा. विषमज्वरासारख्या मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी केस भरभर गळतात. शरीर त्या काळात पुष्कळ केसांना एकदम विश्रांतीला पाठवते आणि ते पुढे एकदम गळतात. हे आपोआप थांबते, सहासात महिन्यांत केस भरून येतात. पण नेमके जट काढल्यानंतर गळणे सुरू झाले तर कोणीतरी म्हणेलच, ‘बघा, देवी कोपली.’ ते तापाचे गळणे आहे, हे आधी ठाऊक असले म्हणजे घाबरगुंडी उडणार नाही.

आता पुन्हा गुंता होऊ नये यासाठी. कुरळे केस कोरडे असताना बारीक दातांच्या फणीने ओढू नयेत. त्याने ते तुटतात आणि झिंज्या होतात. सरळ केसांची माणसे आपलाच नियम सर्वांना सांगतात की ओले केस विंचरू नयेत. सरळ केसांना तो लागू आहे. कुरळे केस मात्र ओलसर असताना, कंडिशनर लावून, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे चढत विंचरावेत. आठवड्यातून दोनदा पुरे. रोज रात्री एक सैल वेणी घालावी. शाळेसाठी घातलेल्या वेण्या इतक्या आवळू नयेत की भुवया वर ओढल्या जातील. वर्षानुवर्षे असे आवळल्याने कानशिलावरचे केस विरळ होतात आणि कधी कधी कायमचे जातात.

नहाणे आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. घरी बोअरचे जड पाणी असेल तर अंगाच्या साबणाने केस धुऊ नका. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि केसांवर बसतो. सौम्य शांपू चालेल. शिकेकाई आवडत असेल तर ती उकळून, गाळून घेतलेले पाणी वापरा. पूड थेट चोळली तर तिचे कण कुरळ्या केसांत अडकून बसतात. केस पंचाने खसाखसा पुसू नका, जुन्या मऊ सुती साडीत दाबून टिपा. भातलावणीच्या दिवसांत ओल्या केसांचा अंबाडा दिवसभर तसाच राहतो, डोक्याला वास येतो, खाज सुटते. घरी आल्यावर तो आधी सोडावा.

खोबरेलाविषयी आपल्या आज्यांचे म्हणणे खरे निघाले आहे. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतील रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातील प्रथिनांची झीज खोबरेलानेच कमी झाली, कारण ते केसाच्या आत शिरते. (कंपनी खोबरेल विकणारी आहे हे ध्यानात ठेवावे, पण निष्कर्ष पटण्यासारखा आहे.) नहाण्याआधी तासभर लावले की पुरे. कोंडा असेल तर मात्र डोक्याच्या त्वचेला तेल नको, कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते.

पिरंगुटच्या कारखान्यांत जाणाऱ्या तरुण मुली विचारतात, लग्नाआधी केस सरळ करून घेऊ का? कुरळे केस म्हणजे अवतार, असे त्यांना लहानपणापासून ऐकवलेले असते. सरळ करण्याच्या रसायनांनी मूळ बदलत नाही, पुढच्या महिन्यात वरून कुरळाच केस येतो आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर तो तुटतो. काही मिश्रणांतून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, डोळे चुरचुरतात, दम लागतो. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत आली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीनदा केस सरळ केल्यावर तीनही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तिच्यासाठी वापरलेल्या क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल होते. पार्लरमध्ये बाटलीवरचा मजकूर मागून वाचण्यात संकोच कसला? वाचू दिला नाही तर उठून यावे.

त्यापेक्षा स्वस्त उपाय चटणीच्या बरणीशेजारीच आहे. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखे बुळबुळीत झाले की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा, गार झाल्यावर गाळले जात नाही. धुतलेले केस ओले असतानाच हे लावा, टोके मुठीत धरून वर दाबा आणि वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर केस थोडे कडक लागतील, तेव्हा तळव्यावर दोन थेंब खोबरेल घेऊन ते हलके चुरगाळा. वळणे सुटी राहतात आणि दमट हवेत केस पिंजारत नाहीत. उरलेले फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. आंबूस वास आला की टाकून द्यावे.