परतीच्या पावसातील दमट हवा व हुपरी परिसरातील सुगी

उत्तरा नक्षत्र लागले की हातकणंगले तालुक्यातील हुपरी व आसपासच्या शिवारांत पावसाचे रूप पालटते. आषाढ-श्रावणात पश्चिमेकडून येणारी, दिवसचे दिवस चालणारी झड ओसरते. सकाळी स्वच्छ ऊन पडते, दुपारी अंग चिकट होईल असा उकाडा होतो, तीन-चारच्या सुमारास पूर्वेकडे काळे ढग चढतात आणि एखादी जोराची सर कोसळून संध्याकाळी आकाश पुन्हा निवळते. नेमक्या याच दिवसांत सोयाबीन व भुईमूग काढणीस येतात. जूनपासून केलेल्या कष्टाचे मोल या चार-पाच आठवड्यांत ठरत असल्यामुळे या काळातील हवेचे लक्षण नीट ओळखून कामांची आखणी करणे अगत्याचे आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात पावसाची वाटणी अतिशय विषम आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्याच्या वाट्यास त्याचा सुमारे दहावा हिस्सा येतो. हुपरीचा भाग या पूर्वेकडच्या सपाटीत मोडतो. जुलै महिन्यात अरबी समुद्रावरील वारे घाटमाथ्यावर आपले बहुतेक पाणी टाकूनच इकडे पोहोचतात. सप्टेंबरमध्ये मात्र या वाऱ्यांचा जोर कमी होतो. जमीन ओली असते, ओढेनाले भरलेले असतात आणि दोन्ही अंगांना पसरलेले उसाचे फड पानांवाटे सतत बाष्प सोडीत असतात. सकाळच्या उन्हाने तापलेली ही ओली हवा वर चढते, उंचावर थंड होते आणि दुपारनंतर तिचे गडगडाटी ढग बनतात. म्हणूनच एका शिवारात पाटाने पाणी वाहते आणि कोसभर अंतरावर धूळही बसत नाही, असे या दिवसांत वारंवार घडते.

भारतीय हवामान खात्याने २०२० साली पावसाच्या आगमनाच्या व परतीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या. त्यानुसार नैर्ऋत्य मोसमी वारे वायव्य राजस्थानातून माघारी फिरण्याची तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर धरली जाते व १५ ऑक्टोबरपर्यंत ते संपूर्ण देशातून परततात. आपल्या बाजूस ही परत साधारणतः ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात होते, म्हणजे हस्त नक्षत्र जवळजवळ पूर्णपणे पावसाळ्यातच मोडते. जुनी माणसे हस्ताचा पाऊस जमेस धरीतच असत आणि ते योग्यच होते. नक्षत्राचे वाहन हत्ती आहे की उंदीर, यावरून मळणीचा दिवस धरण्याची चाल मात्र हितावह नाही. नक्षत्र हंगाम सांगते, दिवस सांगत नाही.

याखेरीज बंगालच्या उपसागरात उठणारे कमी दाबाचे पट्टे या काळात पश्चिमेकडे सरकतात. २०२० साली १३ ऑक्टोबर रोजी असा एक तीव्र पट्टा काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आला आणि तेलंगण व उत्तर कर्नाटकावरून येऊन त्याने दक्षिण महाराष्ट्रात अतिवृष्टी केली. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ असता राज्यभर कापून पडलेले सोयाबीन भिजले होते. असे पट्टे दोन-तीन दिवस आधी हवामान खात्याच्या पत्रकांत दिसू लागतात. त्यांची वार्ता आल्यावर उभे पीक कापून रानात पसरू नये. उभ्या झाडावरील शेंग पावसानंतर वाऱ्याने लवकर वाळते, जमिनीवर पडलेली शेंग मात्र चिखलात कुजते.

पत्रकांतील शब्दांचा अर्थ ठरलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांवर. ‘जोरदार पाऊस’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. तेव्हा तुरळक सरींचा अंदाज असता आपल्या रानात थेंबही पडला नाही, तरी अंदाज चुकला असे होत नाही.

परंतु सुगीच्या दृष्टीने पावसाच्या मिलिमीटरांपेक्षा हवेतील ओलावा अधिक महत्त्वाचा ठरतो आणि त्याकडेच दुर्लक्ष होते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के बाष्प प्रत्यक्ष आहे याचे माप होय. ३० अंश सेल्सियस तपमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांच्या हवेत केवळ १७ ग्रॅम. समजा, दुपारी ३० अंश असता हवेत १७ ग्रॅम बाष्प आहे, तर आर्द्रता ५७ टक्के भरेल. तीच हवा पहाटे २० अंशांवर उतरली की आर्द्रता १०० टक्के होते आणि जादा बाष्प दवाच्या रूपाने पानांवर, शेंगांवर व खळ्यातील ढिगावर उतरते. पाऊस पडलेला नसताही सकाळी सोयाबीन ओले लागते, याचे कारण हेच.

धान्य हे हवेशी ओलाव्याची देवघेव करीत असते. आर्द्रता ७० टक्के असेल तर सोयाबीनच्या दाण्यात कालांतराने सुमारे १२ टक्के ओलावा टिकतो. आर्द्रता ८० टक्के राहिली तर तो सुमारे १५ टक्क्यांवर जातो. हमीभावाच्या खरेदीस सर्वसाधारणपणे १२ टक्क्यांची मर्यादा असते. २०२४-२५ च्या खरेदीत ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली होती, पण दरवर्षी तशी सवलत मिळेल असे धरून चालणे बरे नव्हे. १८ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळविल्यास सुमारे ९३ किलो भरते. ही घट पाहून कित्येक शेतकरी ओला मालच बाजारात नेतात. तथापि ओल्या मालाचा दर व्यापारी याहून अधिक पाडतो आणि चार दिवस ढिगात राहिल्यास त्यास बुरशी लागते ती निराळीच.

यास्तव या दिवसांत कामाचा खरा वेळ दव उडाल्यापासून ढग चढेपर्यंतचा, म्हणजे सुमारे अकरा ते तीन एवढाच धरावा. पाने गळून ९५ टक्के शेंगांचा रंग पालटला की कापणी करावी. त्यापुढे खोळंबा केल्यास शेंगा तडकतात. मळणीच्या वेळी दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा असावा. बियाण्यासाठी राखावयाच्या मालाची मळणी यंत्राचे मिनिटास ३५० ते ४०० फेरे ठेवून करावी, नाहीतर दाण्याचे टरफल फुटून उगवण घटते. कापलेला माल उंचवट्यावर रचून त्यावर ताडपत्री घालावी. ऊन पडताच ती काढून टाकणे मात्र तितकेच आवश्यक आहे, कारण ओल्या ढिगावर दिवसभर राहिलेली ताडपत्री आतील हवा कोंडून माल तापविते. ओलावामापक जवळ नसल्यास एक सोपी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे सोयाबीन व दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालून बाटली चांगली हलवावी. मीठ काचेस चिकटले तर ओलावा सुमारे १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे आणि पोती शिवण्याची घाई करू नये.

दमट हवेचा दुसरा परिणाम म्हणजे रोग. कृष्णा व पंचगंगेच्या खोऱ्यात सोयाबीनवर तांबेरा हटकून येतो. पान सहा तासांहून अधिक काळ ओले राहिले व हवा थंड असली की त्याचे बीजाणू रुजतात. पानांच्या खालच्या बाजूस तपकिरी पूड दिसताच, दाणा भरावयाचा बाकी असेल तर, हेक्झाकोनॅझोल ५ टक्के हे औषध लिटरमागे १ मिलिलिटर या प्रमाणात फवारावे व वेष्टनावरील सूचना पाळाव्यात. पाने पिवळी पडू लागल्यावर फवारणी म्हणजे व्यर्थ खर्च. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने दिलेले ‘फुले संगम’ व ‘फुले किमया’ हे वाण तांबेऱ्यास बऱ्यापैकी तोंड देतात, याची नोंद पुढील हंगामासाठी ठेवावी. उसात याच हवेत लोकरी माव्यावर नजर ठेवावी. उपट्या भुईमुगाच्या दाण्यास सुप्तावस्था नसते. पक्व पीक ओल्या जमिनीत राहिले तर शेंगा जागीच उगवतात, म्हणून मिळेल त्या उघडिपीत तो उपटून घ्यावा.

दुपारनंतरचे ढग केवळ पीकच भिजवितात असे नाही. विजेने माणसे व जनावरे दगावतात ती बहुधा याच वेळी, सुगीच्या गर्दीत, झाडाखाली आडोसा घेतल्यामुळे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीन सेकंदांस एक किलोमीटर असे अंतर पडते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम तेथेच थांबवून, माल उघडा राहिला तरी, मजुरांसह पक्क्या घरात जावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सुरू केलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन जवळपास वीज पडण्याची पूर्वसूचना देते. घरातील एकाच्या तरी भ्रमणध्वनीवर ते असावे.

सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात पूर्वहंगामी उसाची लागण करावयाची असते. तिचा काळ १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर हा होय. शेवटच्या सरीनंतर दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर घातल्यास काळ्या जमिनीत खाली घट्ट थर बनतो व पुढे वर्षभर उसाची मुळे त्यावर अडतात. वीतभर खोलीवरील माती मुठीत दाबून तिचा गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. चिकटून राहिला तर आणखी दोन दिवस थांबावे.